१२३४५६७८९ : विद्यापीठांच्या डिजिटल भांडारांची गोष्ट

एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं डिजिटल भांडार उघडा. कुठल्याही प्रबंधावर क्लिक करा आणि वर ब्राउझरमधला पत्ता नीट वाचा. 'हँडल' असा शब्द दिसेल, मग एक तिरकी रेघ, आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी हा आकडा: १२३४५६७८९.

हा त्या विद्यापीठाचा क्रमांक नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नमुना म्हणून भरून ठेवलेला आकडा आहे. बँकेतल्या फॉर्मवर 'असे भरा' म्हणून काचेखाली एक नमुना लावलेला असतो, तसा. तिथे संस्थेने आपला नोंदवलेला क्रमांक घालायचा असतो. तो घातलाच गेला नाही आणि भांडार तसंच सुरू झालं.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत संगणकाचं काम करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. हा आकडा इतक्या ठिकाणी बघितलाय की आता तो दिसला की पुढची कथा न विचारता सांगता येते. ती कथा फक्त ग्रंथपालांची नाही. सार्वजनिक पैशातून झालेलं संशोधन सार्वजनिक राहतं की नाही, हा त्यातला मुद्दा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोंधळ दूर करतो. ग्रंथालयात कोहा किंवा सोल नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते पुस्तक कुठल्या कपाटात आहे आणि कुणी नेलंय ते सांगतं. रिपॉझिटरी, म्हणजे डिजिटल भांडार, ही वेगळी गोष्ट. इथे खुद्द वस्तूच मिळते: प्रबंध, शोधनिबंध, अहवाल, दुर्मिळ पुस्तकाचं स्कॅन. संस्थेत जे तयार झालं किंवा जपलं गेलं ते एका जागी ठेवायचं आणि जगाला वाचू द्यायचं, इतकी साधी कल्पना.

कल्पना पदार्थवैज्ञानिकांची. ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्गने एक सेवा सुरू केली. निबंध छापून येण्याआधीच त्याचा मसुदा संगणकावर टाकायचा, ज्याला हवा त्याने घ्यायचा. तीच आजची अर्काइव्ह. पदार्थविज्ञानात हे झपाट्याने रुजलं. मग इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठातले स्टेव्हन हारनाड म्हणू लागले की हे सगळ्याच विषयांत व्हायला हवं. नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रंथालयांना परवडेनाशा झाल्या होत्या. संशोधन विद्यापीठाचं, लिहिणारा विद्यापीठाचा, तपासणारा दुसऱ्या विद्यापीठाचा, आणि वाचायला मात्र प्रकाशकाला पैसे द्यायचे. आपलेच दाणे दळून घ्यायचे आणि वर पीठ विकत आणायचं, असला तो व्यवहार.

ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेत सांता फे इथे या क्षेत्रातली मंडळी जमली. प्रत्येक भांडाराने आपल्या नोंदी एकाच ठरलेल्या भाषेत सांगाव्यात, म्हणजे बाहेरचा कुणीही त्या गोळा करून एकत्र शोध देऊ शकेल, असं तिथे ठरलं. त्यातून पुढे ओएआय-पीएमएच हा संकेत आला. नाव विसरलात तरी चालेल, पण परिणाम मोठा होता. एकच मोठं गोदाम बांधायची गरज संपली. प्रत्येक विद्यापीठाने आपली छोटी खोली सांभाळायची, दारावर सारख्या नमुन्याची पाटी लावायची, बस.

ती खोली बांधायला सॉफ्टवेअर हवं होतं. २००० साली साउथहॅम्प्टनने ई-प्रिंट्स दिलं, मोफत आणि मुक्तस्रोत. त्याच वर्षी मार्चमध्ये एचपी कंपनीने एमआयटीच्या ग्रंथालयाला १८ लाख डॉलर दिले आणि दोघांनी मिळून डीस्पेस बांधायला घेतलं. ते नोव्हेंबर २००२ मध्ये खुलं झालं. गंमत म्हणजे ई-प्रिंट्सचा पहिला कोड लिहिणारा रॉबर्ट टॅन्सलीच पुढे एचपीत जाऊन डीस्पेसच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक झाला. म्हणजे पुढची दहा वर्षं आपल्याकडच्या चर्चासत्रांत 'ई-प्रिंट्स की डीस्पेस' यावर जे तावातावाने पेपर वाचले गेले, त्यातल्या दोन्ही पक्षांचा मूळ कारागीर एकच होता.

भारत यात मागे नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. म्हैसूर विद्यापीठात शालिनी अर्स यांनी २००० मध्येच प्रबंधांसाठी 'विद्यानिधी' सुरू केलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. बी. राजशेखर यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये ई-प्रिंट्सवर भांडार उभं राहिलं. तेव्हा डीस्पेस जेमतेम जन्माला येत होतं. त्याच शहरात रंगनाथनांनी १९६२ मध्ये स्थापन केलेलं डीआरटीसी हे ग्रंथालयशास्त्राचं केंद्र आहे. तिथे ए. आर. डी. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीस्पेस हाती घेतलं, ग्रंथपालांसाठीच एक डिजिटल ग्रंथालय त्यावर चालवलं आणि देशभरच्या ग्रंथपालांना कार्यशाळांतून ते शिकवलं.

आपल्याकडे डीस्पेस का जिंकलं, याचं निम्मं उत्तर मला तरी त्या कार्यशाळांत दिसतं. ज्याने शिकवणारे तयार केले त्याचं सॉफ्टवेअर पसरलं. उरलेलं उत्तर त्याच्या रचनेत आहे. डीस्पेसमध्ये वरती 'कम्युनिटी', तिच्या पोटात 'कलेक्शन', त्यात नोंद आणि नोंदीला जोडलेली फाईल. ही उतरंड कुलसचिवांना दाखवली की त्यांना लगेच कळते: विद्याशाखा, विभाग, प्रबंध. ई-प्रिंट्सचा जीव शोधनिबंधात होता, लेखकाने स्वतः येऊन आपला निबंध टाकावा यात. आपल्याकडे प्राध्यापक स्वतः येऊन काही टाकतील, ही आशा कुठल्याही अनुभवी ग्रंथपालाने कधी धरली नाही. टाकायचं ग्रंथालयानेच, आणि टाकायचे ते मुख्यतः प्रबंध, जुने पेपर, स्कॅन केलेली पुस्तकं. त्याला डीस्पेस बरं होतं. शिवाय प्रस्तावात 'एमआयटी' हे नाव लिहिता येत होतं. त्याचं वजन कमी समजू नका.

निवड चुकली असं मी म्हणणार नाही. पुण्यात एनसीएलने डीस्पेसवर आपले प्रबंध ठेवले, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शोधनिबंध ठेवले, मुंबईत आयआयटीने भांडार उभं केलं. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने तर जुनी दुर्मिळ पुस्तकं आणि सरकारी अहवाल स्कॅन करून डीस्पेसवर टाकले. मुंबई इलाख्याच्या एखाद्या जुन्या कागदाच्या शोधात गूगलवर भटकताना मी स्वतः कितीदा तिथे जाऊन पोचलोय. त्यासाठी ना ओळखपत्र, ना शिफारसपत्र, ना पुण्याचं तिकीट. तालुक्याच्या गावातून एमए करणाऱ्या मुलीला याचा अर्थ काय, ते प्रवासाचे पैसे मोजून संशोधन केलेल्यांनाच कळेल.

मग बिनसलं कुठे? यातल्या बऱ्याच संस्थांकडे संगणकाचं काम जाणणारी, पगारावरची, टिकून राहिलेली माणसं होती. राज्य विद्यापीठांत आणि कॉलेजांत ती नव्हती. तिथे भांडार बहुतेक वेळा नॅकची समिती यायच्या आधी जन्माला यायचं.

एका विद्यापीठातलं मी जवळून पाहिलेलं सांगतो. नाव महत्त्वाचं नाही, कारण तुम्हाला तुमचंच वाटेल. अनुदानातून अकरा महिन्यांच्या करारावर एक मुलगा घेतला होता. हुशार. त्याने लिनक्स टाकलं, टॉमकॅट, पोस्टग्रेस, मग डीस्पेस. सर्व्हर म्हणजे ग्रंथालयातलाच एक डेस्कटॉप, त्यावर कागद चिकटवलेला: 'बंद करू नये'. काही शे प्रबंध चढले. उद्घाटन झालं, फोटो छापून आला. अकरा महिने संपले, मुलगा पुण्याला आयटीत गेला. पासवर्ड त्याच्या डोक्यात.

नंतर एका सहायक ग्रंथपाल मॅडमनी छापील पानांवरून कमांड शिकत ते तीन वर्षं जिवंत ठेवलं. मी त्यांच्याइतकी चिवट बाई पाहिली नाही. त्यांनी एका तंत्रज्ञासाठी आणि वेगळ्या डिस्कसाठी पैसे मागितले. लेखा विभागातून साहेबांचा प्रश्न आला: "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना सॉफ्टवेअर मोफत आहे म्हणून? मग फुकटच्या वस्तूला एएमसी कशी द्यायची? ऑडिटला काय सांगू?" साहेब वाईट नव्हते. त्यांच्या वहीत विकत घेतलेल्या वस्तूच्या देखभालीसाठी रकाना होता, विकत न घेतलेल्या वस्तूसाठी नव्हता. शेवटी एका उन्हाळ्यात डिस्क गेली. बॅकअप होता, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागावर.

आता त्या आकड्याकडे येतो. हँडल म्हणजे कायमचा पत्ता. सर्व्हर बदला, साईटचं नाव बदला, हँडल तेच राहतं, कारण मधे एक जागतिक नोंदवही आहे आणि ती 'ही वस्तू आता अमुक ठिकाणी आहे' असं सांगते. त्यासाठी संस्थेने आपला उपसर्ग नोंदवायचा, वर्षाला ५० डॉलरच्या आसपास फी भरायची. शोधगंगेच्या पत्त्यात १०६०३ दिसतं, तो असा नोंदवलेला उपसर्ग. १२३४५६७८९ कुणाचाच नाही. त्यामुळे एका विद्यापीठाचा १२३४५६७८९/५० म्हणजे उसावरचा प्रबंध आणि दुसऱ्याचा १२३४५६७८९/५० म्हणजे तुकारामांवरचा. सर्व्हर बदलला की तळटीपेत दिलेला तो पत्ता मेला. ५० डॉलर ही रक्कम मोठी नाही हो. पण ती परकीय चलनात, दरवर्षी, ठरलेल्या तारखेला, एखाद्या परदेशी संस्थेला कार्डाने भरणं हे आपल्या विद्यापीठाच्या वित्त विभागात किती सह्यांचं काम आहे, ते तिथे नोकरी केलेल्याला विचारा. इन्स्टॉल करताना तो आकडा बदला असं सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. बदलायला मंजुरी लागत होती, न बदलायला लागत नव्हती.

या सगळ्यावर दिल्लीहून एक तोडगा आला. जून २००९ मध्ये यूजीसीने पीएचडीसंबंधीचे नियम काढले, त्यात प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आलं. ती ठेवायची जबाबदारी इन्फ्लिबनेटची. (ही संस्था १९९१ मध्ये पुण्याच्या आयुकाच्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झाली. आता गांधीनगरला आहे.) त्यातून शोधगंगा उभी राहिली. तीही डीस्पेसवरच. आज तिथे पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत. एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर, आपल्या माणसांनी चालवलेलं इतकं मोठं काम, याचा मला मनापासून अभिमान आहे. आधी प्रबंध म्हणजे काळ्या बांधणीच्या चार प्रती, त्यातली एक गाईडच्या कपाटात. आता उचललेला परिच्छेद पकडता येतो, तो याच सोयीमुळे.

पण माझं एक गाऱ्हाणं आहे. शोधगंगेने प्रबंध वाचवले, आणि त्याच वेळी विद्यापीठांच्या डोक्यावरचं ओझंही उतरवलं. 'सगळं शोधगंगेवर आहे की' हे वाक्य मी बैठकांत इतक्यांदा ऐकलंय! सगळं नाही. तिथे पीएचडीचे प्रबंध आहेत. विभागाने १९७० च्या दशकात केलेल्या गावपाहण्या, बंद पडलेल्या विद्यापीठ नियतकालिकाचे अंक, एखाद्या प्राध्यापकाने दिलेली पत्रं, स्थानिक संस्थानाची दफ्तरं, हे तिथे जाणार नाही. ती जागा विद्यापीठाच्या स्वतःच्या भांडाराची आणि तेच ओस पडलं. सांता फेला जी छोट्या छोट्या खोल्यांची कल्पना होती, तिचं आपण पुन्हा एकच गोदाम केलं.

आणि मराठीचं काय? हा भाग मला सगळ्यात जास्त खुपतो. मराठीतले प्रबंध स्कॅन करून टाकले तर ती नुसती चित्रं असतात, आतला शब्द शोधता येत नाही. टाईप केलेली फाईल असेल तर बरं, असं वाटेल. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं टायपिंग झालं ते युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी 'डी' हे अक्षर. डीस्पेस फाईलमधला मजकूर बाहेर काढून त्याची सूची करतं, तेव्हा त्याच्या हाती येतो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणजे तुम्ही 'कूळकायदा' शोधा. अख्खा प्रबंध कूळकायद्यावर असला तरी शीर्षकात तो शब्द नसेल तर मिळणार नाही. शीर्षक रोमन लिपीत, ते भरणाऱ्याच्या मर्जीच्या स्पेलिंगमध्ये टाकलेलं असेल, तर तेव्हाही नाही. शिवाय मजकूर बाहेर काढायची ती कमांड रोज रात्री आपोआप चालावी लागते. ती लावायचीच राहून गेलेली भांडारंही मी पाहिली आहेत. तिथे इंग्रजी प्रबंधांतलंही काही सापडत नाही.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. डीस्पेसला देवनागरी युनिकोड व्यवस्थित कळतं. ज्या पुण्यात सीडॅक आहे, जिथे भारतीय लिप्यांसाठी इतकं काम झालं, त्याच राज्यातल्या विद्यापीठांनी 'प्रबंध युनिकोडमध्येच द्या' हा एका ओळीचा नियम वेळेत केला असता, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला असता. जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, छापील देवनागरी ओळखणारी ओसीआरही आता बरीच सुधारली आहेत. काम करता येण्यासारखं आहे. करायला पद नाही.

आता ताजी अडचण. ऑक्टोबर २०१६ मध्ये डीस्पेसची ६ वी आवृत्ती आली. त्यानंतर ७ वी आली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि ती जवळजवळ नवं घर बांधल्यासारखी होती. जुने दोन्ही दर्शनी भाग काढून टाकले. पुढची बाजू अँग्युलरमध्ये, मागची वेगळी, शोधयंत्र सोलर तेही वेगळं चालवायचं. जगाच्या दृष्टीने योग्यच निर्णय, कारण जुना कोड खरंच थकला होता. पण जिथे एका मॅडमनी छापील पानांवरून टॉमकॅट शिकून गाडा ओढला, तिथे आता नोड आणि अँग्युलर कोण शिकणार? ६ व्या आवृत्तीचा आधार २०२३ मध्ये संपला. २०२२ मध्ये तिच्या जुन्या दर्शनी भागातल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या, दुरुस्तीही दिली गेली. ज्यांनी ती लावली नाही त्यांची भांडारं एक तर उघड्या दाराने चालू आहेत, किंवा कुणीतरी घाबरून ती फक्त कॅम्पसच्या आतून उघडतील अशी करून टाकली आहेत. दुसरा प्रकार जास्त विनोदी. खुलं भांडार, पण कंपाउंडच्या आत.

भर म्हणून आता एआय कंपन्यांचे बॉट रात्रंदिवस ही भांडारं ओरबाडतात. लहान सर्व्हर त्याने कोलमडतो, आणि सकाळी साईट बंद दिसली की पुन्हा तोच प्रश्न: "ते फुकटवालं सॉफ्टवेअर ना? मग असंच होणार."

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. लहान कॉलेजातल्या मुलांना ती वाचायला मिळतील, ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण बघा, बाहेरचं ज्ञान भाड्याने आणायला रकाना आहे. आपलं स्वतःचं ज्ञान मांडून ठेवायला अजून रकाना नाही. हारनाड ज्या व्यवहारावर चिडले होते तोच व्यवहार, फक्त आता घाऊक दराने.

माझ्या मते प्रत्येक विद्यापीठाने स्वतःचा सर्व्हर चालवायचा हट्ट सोडावा. राज्यातल्या विद्यापीठांनी मिळून एकच डीस्पेस नीट चालवावं, प्रत्येकाला त्यात आपली कम्युनिटी, आपला नोंदवलेला उपसर्ग, आपल्या ग्रंथपालाच्या हातात नोंदींचा ताबा. कायम पगारावरचे दोन-तीन अभियंते, दुसऱ्या शहरात बॅकअप. यूजीसी किंवा दिल्लीची वाट बघायची गरज नाही, हे राज्याच्या पातळीवर जमण्यासारखं आहे. 'म्हणजे पुन्हा गोदामच की' असं कुणी म्हणेल. फरक एवढाच की यात प्रत्येक खोलीची किल्ली त्या त्या विद्यापीठाकडे राहते, आणि आत काय ठेवायचं ते तेच ठरवतं.

वर ज्या विद्यापीठाचं सांगितलं, त्या डिस्कवरच्या प्रबंधांपैकी बऱ्याच जणांच्या छापील प्रती सुदैवाने संदर्भ विभागात होत्या. मॅडम निवृत्त होण्याआधी त्यांनी त्यांची यादी हाताने करून ठेवली, वर्ष, विभाग, कपाट क्रमांकासकट. ज्यांच्या प्रती मिळाल्या नाहीत त्यांच्यापुढे लाल पेनाने फुली आहे. त्यात एक प्रबंध जिल्ह्यातल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरचा होता, गावोगाव फिरून केलेला. त्यातली काही गावं आता पाण्याखाली आहेत. मागच्या वर्षी एक विद्यार्थी तो शोधत आला होता. त्याच्याकडे एका लेखाच्या तळटीपेतून उतरवलेला पत्ता होता, १२३४५६७८९ आणि पुढे तिरकी रेघ देऊन तीन आकडे. मोबाईलवर टाकून बघितला, तर दुसऱ्याच एका राज्यातल्या कॉलेजची मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका उघडली.